बेळगाव भागात मोठी फोर बाय फोर पाळायची तर पैसा कुठं घालायचा

आधी एक सांगून टाकतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद जाणारी गाडी, फॉर्च्युनर असू दे, स्कॉर्पिओ एन असू दे नाहीतर कुणाकडून उचललेली जुनी एन्डेव्हर असू दे, पहिल्या वर्षी हातात जो काय जादा पैसा असेल तो गाडीच्या खाली घालायचा, वर नाही. म्हणजे टायर, खालची प्लेट, धुलाई, ऑइल आणि ओढायचा दोर. आमच्याकडं उलटं चालतंय. डिलिव्हरी घेतली, देवळासमोर नारळ फोडला की दुसऱ्या दिवशी ॲक्सेसरीजच्या दुकानात, वर रॅक, समोर लाइटबार, मागच्या काचेवर मोठ्ठं नाव, आणि टायर मात्र कंपनीचेच रोडवाले, मग जांबोटीच्या पुढं पहिल्याच पावसात साध्या चढावर गाडी आडवी. ट्रॅक्टरवाला येतो, हसतो, पैसे घेतो आणि जातो.

घेताना

नवीन घेणार असाल तर एवढं माहीत असू दे की १५०० सीसीच्या वर इंजिन, चार मीटरच्या वर लांबी आणि १७० मिमी किंवा जास्त ग्राउंड क्लिअरन्स असलेल्या गाडीला आधी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस असा ५० टक्के लागायचा, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो सरळ ४० टक्के झाला. त्याच्यावर कर्नाटकात २० लाखाच्या वरच्या गाडीला १८ टक्के लाइफटाइम टॅक्स, आणि त्या टॅक्सवर परत सेस. म्हणून बरेच जण कोल्हापूरच्या पाहुण्याच्या पत्त्यावर एमएच-०९ पासिंग करतात आणि गाडी वर्षानुवर्षं बेळगावच्या टिळकवाडीत फिरवतात. कायद्यात एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली की इथला नंबर घ्यायलाच लागतो, आणि अडवल्यावर रस्त्यात जी घासाघीस होते ती वाचवलेल्या टॅक्सपेक्षा जास्त डोक्याला ताप देते. केए-२२ नाहीतर चिक्कोडीचं केए-२३ घ्या आणि सुखानं झोपा.

जुनी बाहेरून आणणार असाल, दिल्लीची स्वस्त मिळते कारण तिथं दहा वर्षं झालेल्या डिझेल गाडीवर बंदीची टांगती तलवार असते, तर सौदा करायच्या आधीच आपल्या आरटीओत त्या मॉडेलला, त्या वयाला किती टॅक्स बसतोय ते काढा. एनओसीचा फॉर्म २८, विक्रीचे २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, हे सगळं हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. आणि गोव्याची गाडी घेताय तर खाली झोपून चेसिस बघा, खाऱ्या हवेतली गाडी वरून चकाचक आणि खालून पापुद्रे सुटलेली असू शकते. टॉर्च मारा, चेसिसच्या भोकात बोट घाला, बोटाला गंजाचा भुगा लागला तर चहा प्या आणि परत या.

एन्डेव्हर भारी गाडी, यात वादच नाही, खरं फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं तेव्हापासून पार्टसाठी ओळखी ठेवायला लागतात. घेणारच असाल तर तुमचा मेस्त्री आधी ठरवा, गाडी नंतर.

इन्शुरन्स फुल घ्या आणि त्यात इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्या, कारण पाण्यात गाडी घालून इंजिन बसलं तर साध्या पॉलिसीत ते धरत नाहीत. दंगल, दगडफेक मात्र फुल इन्शुरन्समध्ये येतंय, आणि सीमेवर राहणाऱ्याला ते माहीत पाहिजे, डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय.

टायर, कारण सगळं तिथंच आहे

आपल्या भागाची गंमत अशी की एका जिल्ह्यात दोन वेगळ्या माती आहेत आणि दोन्हीकडं गाडी वेगळी वागते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी, तिकडं चंदगडकडं लाल माती, खाली जांभा दगड. पाऊस पडला की वर बोटभर चिखल आणि खाली कडक, म्हणजे गाडी रुतत नाही, घसरते. निपाणी, चिक्कोडी, अथणी, सौंदत्तीकडं काळी माती, ती घसरवतेही आणि धरतेही, टायरच्या खाचा पाच मिनिटात भरून टाकते, मग तुमचा हजारोंचा टायर म्हणजे नुसता गोल काळा गोळा.

कंपनीचा टायर बहुतेक एचटी म्हणजे हायवेचा असतो. आपल्याला एटी पाहिजे, ऑल टेरेन. एमटी म्हणजे मड टेरेन काळ्या मातीत खरंच चांगला चालतो कारण खाचा मोठ्या असतात आणि चाक फिरलं की माती फेकून देतो, खरं पुणे-बेंगळूर हायवेवर तो गुणगुणत राहतो, ओल्या डांबरावर ब्रेकला लांब जातो, मायलेज खातो. ज्याचं शेत अथणीकडं आत आहे आणि रोज जायचंय त्यानं एमटी बघावा, बाकीच्यांनी एटी.

साइज वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. हिशोब करा. फॉर्च्युनर फोर बाय फोरला २६५/६० आर १८ येतो. टायरची उंची काढायची तर २६५ चे ६० टक्के म्हणजे १५९ मिमी, दोन्ही बाजूचे ३१८, त्यात १८ इंची रिमचे ४५७ मिळवले की ७७५ मिमी. आता २६५/६५ आर १८ घातला तर ८०२ च्या आसपास होतो. गाडी उचलली किती, फरकाच्या निम्मी, म्हणजे १३ मिमी, बोटाची जाडी. आणि स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा आता चाकं आधीपेक्षा साडेतीन टक्के जास्त पळताहेत, पिकअप तेवढा कमी, ब्रेकवर ताण तेवढा जास्त. एवढ्यासाठी साइज वाढवू नका, त्याच साइजचा चांगला एटी घ्या. घेताना बाजूवर शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. दुकानदार डिस्काउंट जास्त देतोय तेव्हा हे चार आकडे आधी बघायचे.

हवा. यात एक रुपया लागत नाही आणि सगळ्यात जास्त फरक पडतो. डांबरावर दाराच्या आतल्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी. चिखलात, वाळूत उतरायच्या आधी १८ ते २० पीएसआयपर्यंत सोडा, टायर पसरतो, जमिनीला जास्त लागतो, जिथं गाडी रुतायची तिथनं निवांत निघते. रुतल्यावर नाही, आधी सोडायची. आणि डांबरावर आला की परत भरायची, १८ वर ८० नं पळवलात तर टायर तापून फाटतो. त्यासाठी कंप्रेसर लागतो, लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा नको, २६५ च्या टायरला तो धापा टाकतो आणि सॉकेटचा फ्यूज उडवतो, बॅटरीला चिमटे लावायचा घ्या.

फोर बाय फोरचं बटण

फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ एन पार्टटाइम फोर बाय फोर आहेत, लागेल तेव्हाच लावायचं. एच४, म्हणजे रोजच्या वेगाचं फोर बाय फोर, लावलं की पुढचं आणि मागचं हाउसिंग, म्हणजे दोन चाकांच्या मधला गेअरचा डबा, एकत्र बांधलं जातं. कोरड्या डांबरावर, त्यातही वळणावर, ते लावायचं नाही, चाकांना घसरायला जागा मिळत नाही आणि सगळा पीळ ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढंमागं ताकद वाटणाऱ्या डब्यावर, आणि जॉइंटवर बसतो. पुष्कळ लोक चोर्ला घाटात पाऊस पडतोय म्हणून एच४ लावून जातात, डांबर ओलं असलं तरी ते डांबरच. चिखल, वाळू, सुटे दगड, तिथंच. एल४, म्हणजे हळू चालीचं जास्त जोराचं फोर बाय फोर, त्यासाठी गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये टाकायची, मग लावायचं, आणि तीव्र उतारावर एल४ पहिल्या गेअरमध्ये ब्रेक न दाबता उतरायचं, इंजिन धरतंय.

दुसरी बाजू अशी की वर्षभर लावलंच नाही तर ते ऐनवेळी लागत नाही. महिन्यातनं एकदा शेताच्या वाटेला एच४ आणि एल४ दोन्ही लावून थोडं फिरवा. आत ऑइल फिरतंय, मोटर आणि काटे मोकळे राहतात.

पाणी

कंपनी सांगते फॉर्च्युनरला ७०० मिमी पाण्यातनं जाता येतं, एन्डेव्हरला ८००. ते उभ्या पाण्याचं, खालची जमीन माहीत असलेल्याचं आहे. जुलै-ऑगस्टला कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा भरल्या की कल्लोळ-यडूर, जत्राट-भिवशी असले ब्रिज-कम-बंधारे पाण्याखाली जातात, तिथं बॅरिकेड लावलेलं असतं आणि एखादा मोठ्या गाडीवाला ते बाजूला सरकवतोच. दोन सव्वादोन टनाची गाडी म्हणून धीर येतो, खरं दार-खिडक्या बंद असलेली गाडी म्हणजे डबाच, गुडघ्याच्या वर पाणी आलं की ती हलकी व्हायला लागते आणि बाजूनं येणारं पाणी तिला ढकलतंय. वाहत्या पाण्यात जायचं नाही, विषय संपला. लांबनं फिरून जा.

साध्या ओढ्यात जायचं असेल तर आधी कुणीतरी काठी घेऊन चालत जा, मग एल४, पहिला किंवा दुसरा गेअर, एकाच चालीनं, मध्ये क्लच दाबायचा नाही आणि थांबायचं नाही. मध्येच इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका. हवेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग बिल लाखात.

आता जे कुणी करत नाही ते. गाडी लांबून पळवून आणलीय, हाउसिंग तापलंय, आणि तसंच थंड पाण्यात घातलं की आतली हवा आकसते आणि सीलमधनं पाणी आत ओढून घेते. बाहेरनं काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी सपाटीला लावून हाउसिंगचा भरायचा बोल्ट, खालचा नव्हे वरचा, तो पान्यानं उघडा आणि करंगळी आत घालून ऑइल बघा. मधासारखं पिवळं-तपकिरी आलं तर बोल्ट लावा आणि जा. पांढरट, दुधाळ आलं तर पाणी शिरलंय, त्याच दिवशी बदला, नाहीतर बेअरिंग आणि क्राऊन पिनियन, म्हणजे आतले गेअर, दोन्ही जातात आणि घरघर ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. यावर उपाय म्हणजे हाउसिंगच्या ब्रीदरला, म्हणजे हवा जायच्या भोकाला, लांब पाइप जोडून बोनेटमध्ये वर आणायचा, काही शे रुपयाचं काम. इंजिनला वरून हवा देणारा स्नॉर्कल हजारोंचा लावतात आणि हे सोडून देतात.

धुलाई आणि रोजचं

खानापूरकडनं आलात की वॉशिंग सेंटरवाल्याला वरचा फोम राहू दे म्हणा, आधी खालनं मार. रॅम्पवर चढवून घ्या आणि स्वतः उभं राहून दाखवा: चेसिसला बाजूनं जी भोकं असतात त्यात नळी, डिझेल टाकी आणि तिच्या पत्र्याच्या मधली फट, स्टेपनीच्या वरची जागा, पुढच्या ब्रेक डिस्कच्या मागचं पत्र्याचं ताट. पोराला वाटतं झालं, पाणी स्वच्छ यायला लागलं, तेवढ्यात दुसऱ्या भोकात नळी घातली की पहिल्यातनं लाल पाणी परत सुरू. ते स्वच्छ येईपर्यंत सोडायचं नाही. आत राहिलेली ओली माती महिनोन् महिने पत्र्याला ओल देत बसते. रेडिएटर आणि एसीच्या जाळीवर मात्र प्रेशर मारू देऊ नका, पाती वाकतात, साध्या पाइपनं आतनं बाहेर. धुऊन झालं की प्रोपेलर शाफ्टच्या निपलला ग्रीस मारून घ्या, जुनं बाहेर येईपर्यंत.

सर्विसिंग बहुतेक गाड्यांची दहा हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. खरं गळितात रोज उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्याचा एअर फिल्टर त्याच्या कितीतरी आधी भरतो, दर महिन्याला उघडून बघा. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायचं बुच असतंय, पावसाळ्यात त्याला विसरू नका. डिझेल कुठं भरायचं हा आपल्याकडचा आवडता विषय, निपाणीकडचे पंप कोल्हापूरपेक्षा स्वस्त म्हणून मिरवतात, भाव बघून भरा, खरं त्यापेक्षा ज्या पंपावर गर्दी आणि खप जास्त तिथं भरा, टाकीत पडून राहिलेलं डिझेल स्वस्तात नको.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेल गाडीत डीपीएफ आहे, काजळी अडवणारी जाळी. गाडी नुसती घर, गोगटे सर्कल, पोरांची शाळा एवढीच फिरली तर ती काजळी जळायला पुरेशी उष्णता होत नाही, दिवा लागतो. आठवड्यातनं एकदा हायवेला काढा, यमकनमर्डीपर्यंत जाऊन या, एका लयीत वीस-पंचवीस मिनिटं. दिवा लागलेला असताना आणि गाडी काजळी जाळायचं काम करत असताना मध्येच बंद करू नका. इंजिन ऑइल पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं, डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतंय, ‘तेच हो, सगळं सारखंच’ म्हणणाऱ्या मेस्त्र्याला हात जोडा. डिपस्टिकवर ऑइल कमी न होता वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते डिझेल मिसळलंय, लगेच दाखवा.

मग अपग्रेड

सगळ्यात आधी खालची प्लेट. आपण उद्यमबागच्या गावात राहतो, लेथ आणि फॅब्रिकेशनला बेळगावच्या माणसानं बाहेर जायची गरज नाही. इंजिन आणि गेअरबॉक्सखाली तीन ते चार मिमीची लोखंडी प्लेट करून घ्या, ऑइल सोडायच्या बोल्टसमोर भोक ठेवायला सांगा, हवा जायला खाचा ठेवा, आणि चेसिसला वेल्डिंग करू देऊ नका, मूळ बोल्टच्या जागा वापरायच्या. वेल्डिंगच्या उष्णतेनं चेसिसचं लोखंड तिथं कमजोर होतं, वॉरंटीचा वाद वेगळाच.

सस्पेन्शन नंतर, आणि गरज असेल तरच. चाळीस-पन्नास मिमीपर्यंत उचलता येतं, त्याच्या वर गेलात की पुढच्या एक्सलचे जॉइंट तिरके चालतात, रबर बूट फाटतात, कॅम्बर म्हणजे चाकाचा कल बसत नाही. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन हे ऑस्ट्रेलियन सेट चांगले, खरं स्प्रिंग घेताना रोज किती वजन असतं ते खरं खरं सांगा. मोकळ्या गाडीला जड स्प्रिंग घातली तर आई मागच्या सीटवर बसून पणजीपर्यंत तुम्हाला ऐकवेल. नुसते पॅकिंगचे ठोकळे घालून उंच केलेली गाडी घाटात फेकते, त्या वाटेला जाऊ नका.

कायदा: गाडीच्या मूळ रचनेत बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. बुलबारवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी बारवर, कारवाई करा असं केंद्रानं डिसेंबर २०१७ लाच राज्यांना कळवलंय. लोक लावतात, मान्य, खरं समोरच्या सायकलवाल्याचा जीव जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोब चुकतो, म्हणून मी तरी नको म्हणतो. लाइटबारपेक्षा बंपरात खाली बसवलेले पिवळे फॉग चांगले, चोर्ल्यात आणि आंबोलीत धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंतच, खालून रुंद पडणारा उजेड रस्त्याची कड दाखवतो. आणि रात्री ऊस भरून उभी असलेली, मागं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली दिसायला स्पीड कमी असणं हाच उपाय.

ओढायचं सामान

ट्रॅक्टरची साखळी वापरू नका, तुटली तर काच फोडून आत येते. कायनेटिक दोर घ्या, तो ताणतो आणि मऊ ओढतो, दोन रेटेड शॅकल म्हणजे वजन लिहिलेल्या जोडकड्या, रुतलेल्या चाकाखाली घालायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड, एक फावडं. दोर चेसिसला जोडलेल्या टो पॉइंटलाच बांधायचा, ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही, तो गोळा निसटला की बंदुकीच्या गोळीसारखा येतो. ओढताना बघे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभे करा, आणि आपल्याकडं बघे कमी नसतात. विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारी मोटर, बसवणारच असाल तर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट ताकदीचा, म्हणजे पावणेतीन टनाला ९५०० पौंडाचा कसाबसा बसतो.

हे सगळं घेऊन जंगलात शिरायचं नाही हेही सांगायला लागतंय. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, आत वाट दिसली म्हणून गाडी घातली तर वन्यजीव कायद्याखाली गाडी जप्त होऊ शकते. शेतवाटा, ओळखीच्याचं रान, विचारून, तेवढं पुष्कळ आहे.

शेवटचं उंदरांचं. शेतघराला, गोडाऊनला गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की बोनेटमध्ये घर करतात आणि वायरिंग खातात. निपाणीकडं तंबाखूचं पान कापडात बांधून बोनेटमध्ये ठेवतात, बऱ्याच जणांना लागू पडलेलं आहे. फक्त ते टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, बॅटरीच्या बाजूला बांधा, दर महिन्याला नवीन घाला, आणि सर्विसिंगला गाडी सोडताना मेस्त्र्याला आधी सांगा, नाहीतर तो ते काढून मळून खातो.